पायाखालची लेकुरवाळी

१

चौकट जागेवर होती. पाटी नव्हती.

शुक्रवारी सकाळी रिहे गावातल्या आमच्या छोट्या संग्रहालयाचं दार उघडलं तेव्हा तिघंच होतो: संचालक अमोल, त्याचे एक जपानी पाहुणे आणि मी. पाटी त्या पाहुण्यांच्याच मालकीची, त्यांनी ती सहा महिन्यांच्या बोलीवर दिलेली. त्यांनी जमिनीतल्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं आणि ते कमरेत वाकले. तो नमस्कार अमोलला होता की चौकटीला, हे मला अजून कळलेलं नाही. अमोलचा चेहरा मात्र चुना फासल्यासारखा झाला होता.

मी हेमलता. लवळ्याच्या टेकडीवरच्या महाविद्यालयात आयुष्यभर इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून या संग्रहालयात फुकट लुडबुड करते. ‘श्रद्धा आणि शिक्षा’ नावाच्या या प्रदर्शनातल्या भिंतींवरचा मजकूर माझा. विषय ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातल्या छळाचा. पहिल्या दालनात रोमन सम्राटांनी मारलेले ख्रिस्ती. दुसऱ्यात, राजदंड हाती आल्यावर ख्रिस्त्यांनी मारलेली माणसं: जाळलेले पाखंडी, वेगळ्या रीतीने बाप्तिस्मा घेतला म्हणून बुडवलेले, चेटकिणी ठरवलेल्या बाया, गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या धर्मन्यायालयाने घरंदारं सोडायला लावलेले लोक. तिसऱ्या दालनात चक्र पुन्हा फिरतं आणि आपण चारशे वर्षांपूर्वीच्या जपानात येतो. तिथे ख्रिस्ती असणं हाच गुन्हा ठरला होता. ओळखायचं कसं? सरकारी माणसं जमिनीवर एक पाटी ठेवत. त्यावर येशूचं किंवा त्याच्या आईचं चित्र. गावाने एकेक करून त्यावर पाय द्यायचा. जो अडखळला, तो सापडला.

आमची पाटी पितळेची, वीतभर. एक बाई आणि कडेवर लेकरू. चेहरे इतके झिजलेले की नाक-डोळे राहिलेच नव्हते. अमोलने ती काचेत ठेवली नाही. दालनाच्या दारातच जमिनीत जुन्या लाकडी चौकटीसकट बसवली आणि वर फलक लावला, ‘तुम्ही पाय ठेवाल?’ आत जायला दुसरा रस्ता नव्हता. नाही ठेवायचा तर ओलांडून जा किंवा मागे फिरा. माणसाला इतिहास तळपायाला कळला पाहिजे, असं अमोलचं म्हणणं. मला ते आवडलं नव्हतं आणि मी तसं म्हटलंही होतं. पण फुकट काम करणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?

“किशोर कुठाय?” अमोल ओरडला.

किशोर आमचा व्यवस्थापक. नगरकडचा, मराठी प्रोटेस्टंट घरातला, तिशीचा, कामाला वाघ. तो तेवढ्यात मोटारसायकलवरून उतरतच होता. दारात आम्हाला पाहिलं आणि जागच्या जागी थांबला. खांद्याला कापडी पिशवी होती. एरवी आल्याबरोबर ती खुंटीला टांगणारा हा मुलगा, त्या दिवशी ती त्याने संध्याकाळपर्यंत खांद्यावरून उतरवली नाही.

तासाभरात वाहिनीवाले आले. ‘लाखमोलाचा ऐतिहासिक ठेवा चोरीला’ ही बातमी दुपारी घरोघरी पोचली. संध्याकाळी किशोरचा मला फोन आला. जवळच्या नेरे गावात तो ज्या खोलीत दर रविवारी आपल्या मंडळींची प्रार्थना घेतो, त्या खोलीला घरमालक हैबतरावांनी कुलूप घातलं होतं. चोर सापडेपर्यंत खोली बंद, आणि चोर तुमच्यातला निघाला तर कायमची बंद.

“मॅडम, दुसरी खोली मिळणार नाही,” किशोर म्हणाला. “ही मिळायलाच दोन वर्षं लागली होती. प्रार्थनेचं नाव काढलं की लोक म्हणतात, भाडं नको आणि भानगड नको.”

अमोललाही किशोरवरच संशय होता. सोमवारी तो पोलिसांत तक्रार देणार होता, किशोरचं नाव घालून.

मी हसिनाला फोन लावला.

२

हसिना माझी जुनी मैत्रीण, पौडची. पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाली. तिचा नवरा बाबालाल पौडच्या बाजारात तांदळाचा व्यापार करतो, आणि तिच्या मते खात्याने तिला जेवढं शिकवलं त्याहून जास्त दुकानाच्या गल्ल्यावर बसून समजलं. शनिवारी सकाळी आली ती पायातल्या चपला दारात काढूनच आत शिरली.

“चपला कशाला?” मी म्हटलं. “हे काही देऊळ नाही.”

“चोरीची जागा आहे. माझ्या पायाची धूळ माझ्याकडेच राहू दे,” ती म्हणाली आणि चौकटीपाशी उकिडवी बसली.

पाटी चार खिट्ट्यांनी बसवलेली असे. खिट्ट्या फिरवल्या की अलगद निघे. रोज पुसायला सोयीचं म्हणून किशोरनेच तशी करून घेतलेली. आता चारही खिट्ट्या नीट फिरवून ठेवल्या होत्या. लाकडावर ओरखडा नव्हता. वरच्या कडेला, मधोमध, तांदळाचे चार-पाच दाणे पडले होते.

“उंदीर,” मी म्हणाले. “रिह्यात तांदूळ कुठे नसतो? बाजूलाच जागेच्या मालकिणीची धान्याची कोठी आहे.”

हसिनाने एक दाणा बोटांत धरून उजेडाकडे नेला. “इंद्रायणी. यंदाचा. आणि निवडलेला, एकही कणी नाही.” मग माझ्याकडे पाहून हसली. “तुमच्याकडचे उंदीर फार टापटिपीचे दिसतात गं.”

तिने दाणे जिथल्या तिथे ठेवले.

दाराला जबरदस्ती झालेली नव्हती. किल्ल्या तीन: एक अमोलकडे, एक किशोरकडे आणि एक जागेच्या मालकीण सगुणाबाई यांच्या घरी, कारण त्यांच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारीचं बटण आमच्याच इमारतीत. कॅमेरा होता, पण गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते ती संध्याकाळीच येते. म्हणून संग्रहालयाची सुट्टीही गुरुवारीच. बुधवारी संध्याकाळी किशोरने कुलूप लावताना मी सोबत होते आणि पाटी तेव्हा जागेवर होती. म्हणजे काम गुरुवारचं, आणि गुरुवारी कॅमेरा आंधळा असतो हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक.

अमोल आपल्या खोलीत फोनवर होता. हसिनाने तो संपेपर्यंत शांतपणे वाट पाहिली.

“वाहिनीवाले तासात कसे आले हो? पौडला चोरी झाली की आम्हालाच पोचायला दुपार व्हायची.”

अमोल चिडला. “पाहुणे येणार म्हणून मीच बोलावलं होतं. पाटीवर पाय ठेवतानाचं चित्रण हवं होतं. तुम्हाला काय वाटतं, प्रसिद्धीसाठी मीच चोरली?”

“मला अजून काहीच वाटत नाही. किशोरवरच संशय का?”

“त्याने विरोध केला होता. उद्घाटनाला सगळ्या कर्मचाऱ्यांनी आधी पाय ठेवायचा असं मी ठरवलं होतं. प्रेक्षकांचा संकोच जावा म्हणून. तेव्हा म्हणाला, सर, मला यातून सोडा.”

“मग?”

“मग ठेवला की. कामाचा भाग आहे म्हटल्यावर ठेवला.”

मी तिथे होते. किशोरने डोळे मिटून पाय ठेवला होता आणि लगेच बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं होतं. मला त्या वेळी वाईट वाटलं होतं. अमोलला मात्र ते आठवतही नव्हतं.

“चौकट जुनी आहे?” हसिनाने विचारलं.

“पाटीइतकीच. तिच्यावर जपानी अक्षरं कोरलेली आहेत. विकायची झाली तर दोन्ही मिळूनच किंमत.”

“मग चोराने चौकट का सोडली?”

अमोलने खांदे उडवले. हसिनाने नाही उडवले.

३

सगुणाबाईंचं घर संग्रहालयाला लागूनच. भात काढून झालेल्या खाचरांत आता वाल आणि हरभरा उभा होता. ओट्यावर त्यांचा मुलगा कैलास मोबाईल चाळत बसला होता. कैलासला ही जागा विकायची आहे आणि आमचा करार आडवा येतो, हे त्याने कधी लपवलं नाही.

“गेली का पाटी? बरं झालं,” तो म्हणाला. “आता तरी गाशा गुंडाळा. हितं बंगले हुत्याल. तुमचं ते मारामाऱ्यांचं दुकान कोन बघाया येतंय?”

“किल्ली कुठे असते?” हसिनाने विचारलं.

“ती काय, खिळ्याला. मी न्हाई हात लावत. मोटार आईच सुरू करती. आन मला चोरायचंच आसतं तर ती एवढीशी पाटी कशाला? समदं दुकानच पेटवलं नसतं का?” मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तो ओशाळला. “म्हंजी बोलायची रीत हाय.”

“आई घरात नाहीत?”

“नेऱ्याला गेलीया, मामाकडं. गुरवारी दुपारची यष्टी धरून. आमचा हैबतीमामा. आन जाताना काय, तर देवापुढचा नारळ उचलून पिशवीत! म्हनलं, मामाच्या घरी नारळाची वानवा हाय व्हय? तर माज्यावरच डाफरली.”

“येणार कधी?”

“आलीच तर उद्या. माहेरी गेली की तिला घर आठवत न्हाई.”

नेऱ्याचे हैबतराव म्हणजे किशोरच्या खोलीचे मालक. ते कैलासचे मामा निघाले तेव्हा मला धागा सापडल्यासारखं वाटलं. मामा-भाच्याने मिळून किशोरला अडकवायचा बेत केला असेल! संग्रहालय बंद पडलं की जागा मोकळी, आणि खोलीही मोकळी. ओट्यावरून उतरल्याबरोबर मी हसिनाच्या कानाशी हे सगळं ओतलं.

“बेत करणारा माणूस नारळाची चहाडी करत नाही,” ती म्हणाली. “चल, तुझ्या किशोरकडे.”

किशोर दुसऱ्या दालनात काचा पुसत होता. भिंतीवर माझाच मजकूर होता. युरोपातल्या खटल्यांविषयी मी लिहिलंय, की आरोपीला नुसतं ‘तू काय केलंस’ विचारून कोणी थांबत नसे. पुढचा प्रश्न ठरलेला, ‘तुझ्यासोबत आणखी कोण?’ पहिलं उत्तर मिळालं तरी भागत नसे, दुसऱ्या उत्तरासाठी माणसाचे हाल करत.

“पाटी तू घेतलीस?” हसिनाने सरळ विचारलं.

“नाही.”

“कोणी घेतली ते माहीत आहे?”

 त्याचा फडका चालू राहिला, त्याच त्या जागेवर.

“किशोर, अरे बोल ना,” मला राहवेना. “नोकरी जाईल. खोली जाईल. उद्या रविवार आहे, तुझी माणसं रस्त्यावर उभी राहतील.”

“माहीत आहे मॅडम.”

“मग नाव सांग!”

त्याने फडका खाली ठेवला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. “हा बोर्ड मी रोज पुसतो. रोज वाचतो. आणि आज तुम्हीच मला हे विचारताय?”

 शिकवणं सोपं असतं, विद्यार्थ्याने ते मनावर घेतलं की पंचाईत होते.

 हसिनाने एकच विचारलं, “पाटीवरची बाई कोण, हे तुला कधी कुणी विचारलं होतं?”

किशोरचा चेहरा उतरला. “पुष्कळ लोक विचारतात,” तो पुटपुटला.

“मी पुष्कळांचं विचारत नाही,” हसिना म्हणाली, पण उत्तरासाठी थांबली नाही.

४

परतताना आम्ही गाडी ओढ्याकाठी थांबवली. मी डबा उघडला. हसिनाने घास घेतला आणि तसाच हातात धरून बसली.

“तू घरी कोणाची ओटी भरतेस का गं?” तिने विचारलं.

“मी? नाही बाई. आई भरायची. तो नारळ, ते तांदूळ, साडीला हळदीचे डाग. सून आली तेव्हा मी सरळ पुस्तक दिलं.”

“माझी भरली होती. शहाबाज झाला तेव्हा. सव्वा महिन्याने त्याला घेऊन सासरी निघाले तर शेजारच्या चंद्राबाईंनी अडवलं. म्हणाल्या, लेकुरवाळी बाई घरातून निघाली, मोकळ्या पदराने जायची नाही. पदरात खण, नारळ, तांदूळ घातले. मी निघाले तर परत अडवलं.” हसिनाने चिमटीत हवाच उचलून दाखवली. “म्हणाल्या, त्यातले चार दाणे मागं ठेव. सगळे नेलेस तर घराची बरकत घेऊन जाशील.”

माझा हात डब्यातच राहिला. आईचं सूप डोळ्यांपुढे आलं. तिनेही मला नेहमी मागे फिरवून तेच करायला लावलं होतं, आणि मी नेहमी वैतागले होते.

“ते दाणे सांडलेले नव्हते,” मी म्हटलं.

“मधोमध, एका जागी, चिमटीने ठेवलेले. बघ आता. विकायला नेणारा चौकट नेतो. रागाने आलेला फोडून टाकतो, तोडून टाकतो. इथे चोराने खिट्ट्या हलकेच फिरवल्या, बाईला उचललं, तिची ओटी भरली आणि तिच्या वतीने चार दाणे मागे ठेवले. अमोल हे करेल? कैलास? आणि किशोरच्या मंडळींत तर हळदीकुंकू नाही, ओटी नाही, मूर्तीसुद्धा नाही.”

“सगुणाबाई,” मी म्हणाले. “घरात किल्ली. निवडलेला इंद्रायणी. देवापुढचा नारळ.”

“ते झालं. पण ओटी भरून धाडलेली बाई जाते कुठे?”

“सासरी नाही तर माहेरी.”

“लोक जिला तुडवत होते तिला सासरी कोण धाडेल? माहेरीच धाडेल. सगुणाबाईंनी किशोरला विचारलं असणार, ही कोण? तो म्हणाला असणार, येशूची आई. मग सगुणाबाईंच्या हिशेबाने तिची माणसं कोण? आणि राहतात कुठे?”

 नेऱ्याचं घर. हैबतरावांच्या घरातली ती खोली. सगुणाबाईंना स्वतःच्या माहेरी कुठलं दार बंद असणार?

“म्हणजे पाटी प्रार्थनेच्या खोलीत आहे!”

“आणि गुरुवारी सुट्टी, किशोर संध्याकाळी खोली झाडायला गेला असणार, तेव्हाच त्याला ती सापडली. शुक्रवारी सकाळी गुपचूप परत बसवायला तो पिशवीत घालून घेऊनही आला. पण तुम्ही त्याच्या आधी दारात. तूच सांगितलंस ना, पिशवी त्याने खांद्यावरून उतरवली नाही? दिवसभर तशीच वागवून संध्याकाळी परत नेऊन ठेवली, आणि वरून हैबतरावांनी कुलूप लावलं.” हसिनाने हातातला घास डब्यात परत ठेवला. “आता विचार कर. किशोरच्या कपाटात, किशोरच्या खोलीत, किशोरच्या देवाची आई. हैबतरावांनी आज नुसतं कपाट उघडलं, तर हे चार दाणे कोणाला पटवणार आहेस?”

मी गाडी सुरू केली.

५

नेऱ्यात आता शेतांपेक्षा इमारती जास्त दिसतात. हैबतरावांचं घर दुमजली, वर भाडेकरू मुलं, खाली कुटुंब, आणि मागच्या अंगाला ती खोली. आम्ही वाटेत किशोरलाही बोलावून घेतलं होतं, आणि हसिनाने हैबतरावांना फोन करून आम्ही येईपर्यंत थांबायला सांगितलं होतं. अंगणात सगुणाबाई वाल सोलत बसल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, ठसठशीत कुंकू, हात न थांबवता बोलणाऱ्या.

“या बाई, बसा,” त्या म्हणाल्या. “किशोर, तू बी बस. कसलं रं हे त्वांड केलंस?”

हैबतराव किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाहेर आले. “हसिनाबाई, तुमी बोलला म्हनून थांबलो. न्हाईतर आजच खोली धुंडाळनार हुतो. लाखाची वस्तू चोरून माज्या घरात ठिवली आसंल, तर मला बी बेड्या पडायच्या.”

किशोर भिंतीला टेकून उभा होता. 

हसिनाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती सगुणाबाईंसमोर पाटावर बसली, शेंग उचलली आणि सोलायला लागली. “मावशी, माझा शहाबाज झाला तेव्हा शेजारणीने माझी ओटी भरली होती. चार दाणे मागे ठेवायला लावले होते.”

“मग? रीतच हाय ती.”

“रिह्याच्या चौकटीत तुम्ही ठेवलेत, ते अजून आहेत. मी हलवले नाहीत.”

सगुणाबाईंचा चेहरा खुलला. “व्हय, मीच भरली. बगितली का तुमी? लई दिस जिवाला लागून व्हतं. रोज मोटार लावाया जायची आन रोज बगायची, लोक बूट घालून तिच्या तोंडावर हुबं ऱ्हात्यात आन फोटू काडत्यात. कडंवर लेकरू हाय वो तिच्या! तोंड पार झिजलंया बिचारीचं, लेकराचं बी. याला इचारलं, ही कोन रं तुमची? म्हनला, येशूची आई. म्हनलं, मग पायाखाली का? तर म्हनला, नोकरी हाय मावशी.” त्यांनी पदर सावरला. “त्याची नोकरी हाय, माजी न्हाई. गुरवारी कुनी नसतंय. ओटी भरली आन आनली तिच्या मानसांत. मांडली मेजावर.”

हैबतरावांच्या हातातला जुडगा खाली गेला. “आगं आक्का! मी काल किशोरवर चोरी घालून कुलूप लावलं, तवा तू हितंच व्हतीस की! बोलली का न्हाईस?”

“तू म्हनलास लाखाची वस्तू चोरली!” सगुणाबाई खरोखरच चकित झाल्या होत्या. “ती व्हय? ती तर दारात पायपुसन्यागत टाकल्याली! लाखाची वस्तू कुनी पायाखाली घालतंय का?”

 मी अमोलची बाजू सांगायला तोंड उघडलं, आणि सांगण्यासारखं काहीच सापडलं नाही.

हैबतरावांनी कुलूप काढलं. किशोरने कपाट उघडलं आणि गीतपुस्तकांच्या मागून एक गाठोडं काढलं. हिरवा खण, त्यात नारळ, तांदूळ आणि पितळेची पाटी. खण त्याने जसा सापडला तसाच बांधून ठेवला होता.

“हे काय? कपाटात कोंडली?” सगुणाबाई म्हणाल्या. “माहेरच्यांनीच?”

“मावशी, आमच्यात मूर्ती ठेवत नाहीत,” किशोर हळू आवाजात म्हणाला. “चित्रंसुद्धा नाहीत. फार वर्षांपूर्वी यावरूनच आमच्या धर्मातल्या माणसांनी एकमेकांना मारलंय. आमच्या बाजूच्यांनी हिच्या मूर्ती फोडल्या, त्यांच्या बाजूच्यांनी आमची माणसं जाळली.”

“म्हंजी तितं परके तुडवत्यात, आन हितं घरची ठिवून घेत न्हाईत.” सगुणाबाईंनी पाटीवरून हात फिरवला. “बाईच्या जातीचं समदीकडं हेच.”

“तू कुठेतरी बांधावर सापडली म्हणून आणून द्यायचीस,” हसिना किशोरला म्हणाली. “ना मावशींचं नाव आलं असतं, ना तुझं.”

“मनात आलं होतं.” त्याने मान खाली घातली. “पण पाय ठेवला तेव्हाही मी स्वतःला असंच समजावलं होतं, एवढ्याने काय होतं. त्या रात्रीपासून झोप लागली नाही. म्हटलं, आता पुन्हा नाही. खोटं बोलायचं नाही आणि मावशींना पुढे करायचं नाही. मग गप्प बसण्याखेरीज उरलंच काय?”

त्याचे डोळे भरून आले होते. माझेही. इतकी वर्षं मी हे सगळं शिकवलं, भिंतींवर लिहिलं, आणि त्या पाटीपुढे थबकणारा माणूस प्रत्यक्षात कसा दिसतो ते मला त्या खोलीत दिसलं.

हैबतराव घसा खाकरून म्हणाले, “चुकलं माजं. पन किशोर, लोक बोलत्यात रं. भावकी इचारती. महिनाअखेरीला खोली—”

“हैबती,” सगुणाबाईंनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. “खोली माज्यापायी बंद केलीस. चोर सापडंपतूर म्हनला व्हतास ना? मी हाय चोर. काडायचं तर मला काड. ह्यांचं दार बंद झालं, तर माजं माहेर तुटलं समज.”

हैबतरावांनी बहिणीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि किल्ली किशोरच्या हातावर ठेवली. मग ते वालाच्या शेंगा घेऊन आत गेले.

मी अमोलला फोन लावून सगुणाबाईंच्या ओटीची हकीकत सांगितली आणि बजावलं: पाटी मिळाली, तक्रार नाही, आणि ती परत येईल ती जमिनीवर नाही, हाताच्या उंचीवर, भिंतीत. नाहीतर मी लिहिलेला एकेक शब्द उतरवून घेईन. तो काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात मागून त्या जपानी पाहुण्यांचा आवाज आला. अमोलने त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण थोड्या वेळाने तो नरमाईने म्हणाला की पाहुण्यांची काही हरकत नाही. त्यांनी फक्त ओटी भरणाऱ्या आजींचं नाव विचारलं होतं.

पाटी मी हातात घेतली. अपेक्षेपेक्षा जड होती. दारापाशी पोचले तर सगुणाबाईंनी अडवलं.

“तशीच न्हेताय? थांबा.” त्यांनी खणातले तांदूळ पाटीवर घातले. “आता चार दाने हितं मागं ठिवा.”

मी किशोरकडे पाहिलं. त्याच्या मंडळींची प्रार्थनेची खोली, तिथे ही आमची रीत चालेल का, मला कळेना. तो क्षणभर घुटमळला. मग त्याने मेजावरचं गीतपुस्तक उचललं आणि तेवढी जागा मोकळी केली.

मी चार दाणे तिथे ठेवले.